ग्राहक व्यवहार विभागाला खुलं पत्र: पैसे देणाऱ्याच्याच गाण्यांना कुलूप का?

प्रति,
ग्राहक व्यवहार विभाग आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
कृषी भवन, नवी दिल्ली.

सविनय नमस्कार,

थेट मुद्द्यावर येते. ३० नोव्हेंबर २०२३ ला तुम्ही डार्क पॅटर्नबद्दलची, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला गंडवायच्या युक्त्यांबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, १३ प्रकार दिलेत, त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप आहे, म्हणजे आत शिरायला एक बटण आणि बाहेर पडायला भुलभुलैया असा जो धंदा चालतो तो चालणार नाही असं लेखी सांगितलंत. चांगलं केलंत, खरंच. पण भाडेकरूला घर सोडायची परवानगी आहे, सामान मात्र आतच ठेवून जायचं, असं असेल तर त्या परवानगीला काय अर्थ? गाण्यांच्या बाबतीत गेली वीस-पंचवीस वर्षं हेच चाललंय, आधी छोट्या म्युझिक प्लेअरमध्ये चालायचं आणि आता फोनमधल्या ॲपमध्ये चालतं, आणि तुमच्या त्या १३ प्रकारांत हे कुठे बसतं ते मला तरी सापडलं नाही म्हणून हे पत्र.

मी वकील नाही, पत्रकार नाही. जुने म्युझिक प्लेअर दुरुस्त करायचा नाद आहे एवढंच. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले लोक ड्रॉवरमध्ये पडलेला प्लेअर आणून देतात, बघ गं चालू होतो का. चालू बहुतेक वेळा होतो. बॅटरी फुगलेली असते ती बदलायची, जुन्या आयपॉडची छोटी हार्डडिस्क गेली असेल तर तिच्या जागी अडॅप्टर लावून मेमरी कार्ड बसवायचं, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नाहीतर ऑनलाइन सगळं मिळतं. खरी पंचाईत नंतर होते, आत गाणी घालताना आणि त्याहून जास्त आतली गाणी बाहेर काढताना, आणि ती हार्डवेअरमुळे होत नाही, कुणीतरी कधीतरी ऑफिसात बसून मुद्दाम तसं ठरवलेलं असतं म्हणून होते.

ॲपलचा आयपॉडच घ्या, कारण तो सगळ्यांना माहितीये. २३ ऑक्टोबर २००१ ला पहिला आला, ५ जीबी, खिशात हजार गाणी, आणि चालायचा फक्त मॅकवर. विंडोजवाल्यांसाठी २००२ मध्ये आला आणि त्यात गाणी भरायचं ॲपलचं सॉफ्टवेअर आयट्यून्स विंडोजवर यायला ऑक्टोबर २००३ उजाडला. आपल्याकडे मराठी घरांत तो शिरला तो बहुतेक वेळा ऑनसाइटला गेलेल्या कुणातरी भाच्याच्या नाहीतर जावयाच्या बॅगेतून, आणि गंमत बघा, गाणी विकत घ्यायचं आयट्यून्स स्टोअर भारतात उघडलं ४ डिसेंबर २०१२ ला. म्हणजे अकरा वर्षं मशीन होतं आणि दुकान नव्हतं! मग लोकांनी ते भरलं कसं, तर घरातल्या सीडी रिप करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून, कॅसेटवरून ओढून, आणि खरं सांगायचं तर नाक्यावरच्या मोबाईलच्या दुकानातून, जिथे काचेवर 'गाणी भरून मिळतील' असा कागद चिकटवलेला असायचा.

आता हा आयपॉड कॉम्प्युटरला लावला की डिस्क म्हणून दिसतो, पण गाणी दिसत नाहीत. लपवलेल्या फाइली दाखवा असं सेटिंग केलं की आयपॉड कंट्रोल नावाचं फोल्डर दिसतं, त्यात म्युझिक, त्यात एफ००, एफ०१, एफ०२ अशी फोल्डरं, आणि प्रत्येकात चार अक्षरी निरर्थक नावांच्या फाइली. कुठली फाइल कुठलं गाणं हे एका वेगळ्या डेटाबेसमध्ये, आणि तो डेटाबेस लिहिणार आयट्यून्स. प्लेअर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून सिंक करायला गेलात की विचारणार, हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, सगळं पुसून नव्याने भरू का? ज्यांनी वापरलाय त्यांना तो मेसेज आठवत असेल, घाईत हो म्हटलं की संपलं. सप्टेंबर २००७ मध्ये नवे क्लासिक आणि नॅनो आले त्यात डेटाबेसवर एक चेकसम, म्हणजे तपासणीचा आकडा, बसवला, म्हणजे दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने गाणी घातली तर आयपॉड म्हणणार माझ्यात एकही गाणं नाही. लिनक्सवाल्या पोरांनी ते काही दिवसांत फोडलं. पण आमच्या शेजारच्या काकूंनी काय करायचं? त्यांनी चेकसम फोडत बसायचं का?

हे झालं मशीनचं. फाइलीवरचं कुलूप त्याहून वाईट होतं आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

२८ एप्रिल २००३ ला अमेरिकेत आयट्यून्सचं दुकान उघडलं, सुरुवातीला २ लाख गाणी, एका गाण्याला ९९ सेंट. फाइल एएसी. लोक अजूनही एएसीला ॲपलचा फॉरमॅट समजतात, तसं नाहीये, ते एमपी३ सारखंच सगळ्यांसाठीचं स्टँडर्ड आहे. ॲपलचं होतं ते त्याच्यावर चढवलेलं फेअरप्ले नावाचं कुलूप, आणि त्याची किल्ली ॲपलने दुसऱ्या कुठल्या प्लेअर कंपनीला दिलीच नाही, मोटोरोलाचे एकदोन फोन सोडले तर. म्हणजे तुम्ही दोनशे गाणी घेतलीत आणि उद्या क्रिएटिव्हचा नाहीतर आयरिव्हरचा प्लेअर आवडला तर एकतर गाणी सोडा नाहीतर प्लेअरचा नाद सोडा. एक पळवाट होती, गाणी ऑडिओ सीडीवर बर्न करायची आणि तीच सीडी परत रिप करायची, यात वेळही जायचा आणि आवाजाचा दर्जाही. जुलै २००४ मध्ये ऑनलाइन गाणी विकणाऱ्या रिअलनेटवर्क्स कंपनीने हार्मनी नावाचं तंत्र काढलं, आमच्या दुकानातलं गाणं आयपॉडवर वाजेल म्हणाले. ॲपलने त्यांच्यावर हॅकरगिरीचा आरोप केला आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या आयपॉडच्या अपडेटनंतर ती गाणी नव्या मशीनवर वाजेनाशी झाली. गिऱ्हाइकाने पैसे भरलेले, गाणं कायदेशीर, प्लेअर स्वतःचा, आणि तरी आवाज बंद.

या सगळ्यात एका देशाच्या ग्राहक खात्याने हालचाल केली आणि ते तुम्हाला सांगायलाच हवं. नॉर्वे. २००६ च्या जानेवारीत तिथल्या ग्राहक परिषदेने तक्रार दाखल केली, आणि जानेवारी २००७ मध्ये तिथल्या ग्राहक लोकपालाने सरळ सांगितलं की विकलेलं गाणं फक्त तुमच्याच मशीनवर वाजणं आमच्या कायद्यात बसत नाही, १ ऑक्टोबरपर्यंत मार्ग काढा. आपल्या मुंबईपेक्षा कमी लोकसंख्येचा देश, बरं का. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत, ६ फेब्रुवारी २००७ ला, ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांचं संगीताबद्दलचं खुलं पत्र आलं. मी ते बऱ्याचदा वाचलंय. त्यात त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कुलूप आम्हाला नकोय, चार मोठ्या म्युझिक कंपन्या मागतात म्हणून लावावं लागतं, त्यांनी सोडलं तर आम्ही क्षणात काढू. हे अर्धं खरं आहे. कुलूप कंपन्यांनी मागितलं हे खरं, पण किल्ली कुणालाच द्यायची नाही हा निर्णय ॲपलचा, आणि त्याने ॲपलचे आयपॉड विकले गेले हेही तितकंच खरं.

त्याच पत्रात एक हिशेब आहे. २००६ संपताना ९ कोटी आयपॉड विकले गेले होते आणि २०० कोटी गाणी, म्हणजे आयपॉडमागे सरासरी २२ गाणी, म्हणजे सरासरी आयपॉडमधली तीन टक्क्यांहून कमी गाणी कुलूपवाली. तीन टक्क्यांसाठी कोण अडकून राहील, असा त्यांचा युक्तिवाद. माझं म्हणणं हे की साहेब, ती तीन टक्के गाणी म्हणजे तुमच्या दुकानात रांगेत उभं राहून पैसे मोजून घेतलेली गाणी, उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांत स्वतःच्या सीडी आहेत तशा ढापलेल्या एमपी३ पण आहेत, आणि त्या कुठेही वाजतात. या सगळ्या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. कुलूप चोराला कधी लागलंच नाही. नाक्यावरच्या दुकानात भरलेलं मेमरी कार्ड काढा आणि कुठल्याही फोनमध्ये, गाडीच्या स्टिरिओत, चायना स्पीकरमध्ये घाला, बिनबोभाट वाजतं. जो प्रामाणिकपणे पैसे देऊन घेतो त्यालाच विचारतात तुझा अकाउंट कुठला, तुझा देश कुठला, तुझा कॉम्प्युटर कितवा.

पुढे एप्रिल २००७ मध्ये त्या चारांतल्या ईएमआय या म्युझिक कंपनीने कुलपाचा हट्ट सोडला, मे महिन्यात बिनकुलूपवाली गाणी १.२९ डॉलरला मिळायला लागली, सप्टेंबरमध्ये ॲमेझॉन थेट एमपी३ घेऊनच आलं, आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलने सगळीच गाणी मोकळी करायची घोषणा केली. जुनी घेतलेली गाणी मोकळी करून हवी असतील तर दर गाण्याला ३० सेंट. घेतलेल्याच मालाचं कुलूप काढायला परत पैसे, याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

ॲपललाच धरून बसलेय असं वाटायला नको म्हणून बाकीच्यांचंही सांगते, आणि ॲपल त्यातल्या त्यात बरं म्हणायची वेळ येईल. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये प्लेज फॉर शुअर असा शिक्का काढला, हा शिक्का असलेल्या प्लेअरवर हा शिक्का असलेल्या दुकानातली गाणी वाजणार म्हणून, भरपूर कंपन्या त्यात आल्या, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वतः मायक्रोसॉफ्टने झून प्लेअर आणला ज्यावर त्या शिक्क्याची गाणी वाजत नव्हती! मग एप्रिल २००८ मध्ये एमएसएन म्युझिक या आपल्याच दुकानाच्या गिऱ्हाइकांना कळवलं की ऑगस्टअखेर लायसन देणारे सर्व्हर बंद, त्यानंतर नव्या कॉम्प्युटरवर गाणी उघडणार नाहीत. आरडाओरडा झाल्यावर ती मुदत २०११ संपेपर्यंत वाढवली. याहूनेही त्याच वर्षी तेच केलं, पण त्यांनी निदान कूपन आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. सोनीची कथा तर वाईट वाटावी अशी. ज्यांनी जगाला वॉकमन दिला त्यांनी स्वतःच्या प्लेअरवर वर्षानुवर्षं एमपी३ थेट चालू दिलं नाही, सगळं आधी त्यांच्या ॲट्रॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये बदलायचं, तेही त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून, आणि सुरुवातीच्या काळात एक गाणं एका वेळी तीनच ठिकाणी 'चेक आउट' करता, म्हणजे प्लेअरवर उतरवता यायचं. कारण उघड आहे, एका हाताने प्लेअर विकत होते आणि दुसऱ्या हातात म्युझिक कंपनी होती. बाजार गेला आयपॉडकडे. त्यांचं कनेक्ट नावाचं दुकान २००८ मध्ये बंद पडलं. सोनीचे आत्ताचे वॉकमन अँड्रॉइडवर चालतात, गाणी ओढून टाका की वाजली, म्हणजे जे पहिल्या दिवशी करता आलं असतं ते करायला इतकी वर्षं घालवली.

हे प्रकरण कोर्टातही गेलं होतं. अमेरिकेत २००५ मध्ये दाखल झालेला गिऱ्हाइकांचा दावा चालायला डिसेंबर २०१४ उजाडला, ओकलंडला ज्युरी बसली, आणि १६ डिसेंबरला निकाल ॲपलच्या बाजूने लागला, दाव्यात ज्यावर आक्षेप होता तो आयट्यून्सचा अपडेट म्हणजे खरीखुरी सुधारणा होती असं ठरलं. तोवर आयपॉडचे दिवसच सरत आले होते आणि मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉडही बंद केला. दहा वर्षांनी लागणारा निकाल गिऱ्हाइकाच्या काय कामाचा? म्हणून मी कोर्टाला नाही, तुम्हाला लिहितेय. हे काम आधी नियम करून व्हायचं आहे.

आता आपल्या देशाकडे. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टने फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं, कितीजणांना आठवतंय माहीत नाही. साधी एमपी३, कुलूप नाही, काही रुपयांत गाणं. जून २०१३ मध्ये बंद केलं, चाललं नाही म्हणाले, आणि ते खरं होतं, नाक्यावरच्या त्या कागदाशी कोण स्पर्धा करणार. पण ज्यांनी तेव्हा गाणी घेतली त्यांच्याकडे ती आजही वाजतात. दुकान गेलं, माल राहिला. दुकानं बंद पडणारच, धंदा आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

सारेगामाच्या कारवांबद्दल, त्या आत गाणी भरूनच येणाऱ्या रेडिओसारख्या खोक्याबद्दल, लोक मला विचारतात, ते पण लॉक-इनच, म्हणजे अडकवून ठेवणंच, नाही का, ५ हजार गाणी आत, बाहेर काढायची सोय नाही. हो, आहे. पण २०१७ पासून घराघरांत आजी-आजोबा ते ऐकतायत आणि त्याला ना अकाउंट लागत ना सर्व्हर, खोक्यावर लिहिलंय ते आत आहे, आणि उद्या कंपनीने काही ठरवलं तरी आजीच्या खोक्यातलं गाणं बंद पडत नाही. बंदिस्त आहे पण बोलून चालून बंदिस्त आहे. मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो मोकळं म्हणून विकतात आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात त्याचा.

आज वेगळा प्लेअर वापरणारे माझ्यासारखे थोडेच, बाकी सगळ्यांचा प्लेअर म्हणजे फोन आणि दुकान म्हणजे स्ट्रीमिंग ॲप. तिथे गाणं आपलं नसतं, भाड्याचं असतं, मान्य. 'डाउनलोड' केलेलं गाणंसुद्धा त्या ॲपच्या बाहेर उघडत नाही, स्पॉटिफायवर तर महिन्यातून एकदा ऑनलाइन येऊन हजेरी लावावी लागते नाहीतर डाउनलोड जातात. तेही ठीक, महिन्याला पैसे कमी घेता. पण प्लेलिस्ट कुणाची? ती कंपनीने नाही बनवली, मी बनवली. माझ्या मावशीने एका ॲपवर (नाव घेत नाही) नाट्यगीतं, अभंग, जुनी भावगीतं अशा याद्या करत करत केवढं काय जमवलं होतं, कुठल्या गायकाचं कुठलं रेकॉर्डिंग तिला हवंय हे ठरलेलं, तेच गाणं दुसऱ्या आवाजात चालायचं नाही. ते ॲप बंद झालं. आधी सूचना आली होती म्हणे, इंग्रजीत, एका नोटिफिकेशनमध्ये, जी तिने जाहिरात समजून बाजूला सारली. याद्या गेल्या. आम्ही नंतर बसून वहीत लिहून काढल्या, तिला आठवल्या तेवढ्या.

आणि हे अपवाद नाहीत. रेसो हे गाण्यांचं ॲप ३१ जानेवारी २०२४ ला भारतात बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलने आपलं विंक ॲप बंद केलं. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीला गेलं, पण त्यांनी यूट्यूब म्युझिकवर सगळं हलवायची आणि विकत घेतलेली गाणी उतरवून घ्यायची सोय दिली, म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं हे सिद्धच झालं की. सगळ्यांनी तसं करावं यासाठी फक्त सांगणारं कुणीतरी हवं.

याद्या हलवून देणाऱ्या वेबसाइट आहेत, मी वापरल्यात, हिंदी फिल्मी गाण्यांना बऱ्या चालतात. मराठीला फेफे उडते. कारण ती जुळवाजुळव गाण्याच्या रोमन स्पेलिंगवर चालते आणि आपल्या गाण्यांची स्पेलिंगं म्हणजे जत्रा, एकीकडे 'जीवन' आय घालून, दुसरीकडे डबल ई, 'ळ' चं काय करायचं ते प्रत्येकाने वेगळं ठरवलेलं, 'ज्ञ' चे तीनचार अवतार, कुठे गायकाच्या जागी संगीतकाराचं नाव, कुठे नुसतंच 'विविध कलाकार'. मग अभंग शोधायला गेलं की रिमिक्स हाताला लागतो. आणि यावर उपाय जुनाच आहे, नवा शोधायचा नाहीये. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, म्युझिक कंपन्यांना तो माहीत असतो, ॲपवाल्यांकडे असतो कारण रॉयल्टीचा हिशेब त्यावरच चालतो. फक्त तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही एवढंच. यादी डाउनलोड करताना गाण्यापुढे हा क्रमांक दिला तर स्पेलिंग काही का असेना, दुसऱ्या ॲपला नेमकं तेच रेकॉर्डिंग सापडेल, मावशीला हवा तोच आवाज.

आता कायद्याचं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५ए कलम आलं, कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, पण हक्कभंग करायच्या उद्देशाने फोडलं तर, असं त्यात स्पष्ट आहे आणि त्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या कायद्यापेक्षा शहाणा आहे असं माझं मत. तरीही, फोडायला चालेल असं कायदा म्हणतो म्हणून सामान्य माणसाला फोडता येत नाही, ते माझ्यासारख्या नादिष्ट लोकांपुरतं राहतं. दुसरं, २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात स्वतःचा डेटा उचलून दुसरीकडे न्यायचा हक्क होता. युरोपात तो जीडीपीआर या त्यांच्या डेटा कायद्यात आहेच. आपला २०२३ चा जो कायदा अखेर झाला त्यातून तो हक्क गायब झाला. का काढला याचं मला पटेल असं कारण अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही. ते खातं तुमचं नाही हे मला माहितीये, पण ग्राहक तर तुमचा आहे ना, तिथे जाऊन त्याची बाजू मांडणारं दुसरं कोण आहे?

आणि हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. २० जानेवारी २०११ ला देशभर मोबाईल नंबर पोर्ट करायची सोय झाली, त्याआधी कंपन्या हेच सांगत होत्या की तांत्रिक अडचणी आहेत, खर्च आहे. आज नंबर पोर्ट करणं किती सरळ झालंय. उलट टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सबद्दल ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली की एकच बॉक्स कुठल्याही कंपनीला चालला पाहिजे, आणि आजही डिश बदलली की डबा बदलायचा, जुना डबा माळ्यावर. एकात नियम झाला, दुसऱ्यात शिफारस झाली, एवढाच फरक.

म्हणून माझं मागणं नियमाचं आहे, सल्ल्याचं नाही. जिथे पैसे घेऊन गाणं 'विकत' दिलं जातं तिथे बटण दाबायच्या आधी सांगा की हे कुठल्या मशीनवर वाजेल, कुठल्या नाही, आणि तुमचा सर्व्हर बंद झाला तर काय होईल. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून असाच कायदा लागू केलाय, लायसन देताय तर विक्री म्हणू नका म्हणून. नवा प्लेअर विकताना खोक्यावर लिहा की गाणी घालायला स्वतःचंच सॉफ्टवेअर लागतं की साध्या पेनड्राइव्हसारखा चालतो. पंख्यावर वीज किती खातो त्याचे स्टार लावता, मग हे का नको? दुरुस्तीचा हक्क म्हणून तुम्ही डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल काढलंत, त्यात मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स आहेत, तर ज्या प्लेअरचं सॉफ्टवेअर कंपनीने सोडून दिलंय त्याला गाणी घालायचा मार्ग मोकळा ठेवणं हे पण दुरुस्तीतच धरा, कारण माझ्या टेबलावर येणारे निम्मे प्लेअर बिघडलेले नसतात, सोडून दिलेले असतात. स्ट्रीमिंगवाल्यांना सांगा की प्लेलिस्ट, आवडीची यादी, आयएसआरसीसकट, साध्या फाइलमध्ये कधीही उतरवता आली पाहिजे, पैसे न घेता, आणि सबस्क्रिप्शन संपल्यावरसुद्धा.

म्युझिक कंपन्या म्हणतील याने चोरी वाढेल. चोरी कशी होते ते वर लिहिलंय. २००९ पासून सगळ्या मोठ्या कंपन्या बिनकुलूपाची गाणी विकतायत आणि त्यांच्या तिजोऱ्या काही रिकाम्या झालेल्या नाहीत. आणि प्लेलिस्टमध्ये तर चोरण्यासारखं काहीच नसतं, नावांची यादी असते ती.

राहिलं सेवा बंद करायचं. किमान ९० दिवस आधी सूचना, नुसत्या नोटिफिकेशनमध्ये नाही तर एसएमएस आणि ईमेलवर, आणि ग्राहकाने ॲपमध्ये जी भाषा निवडलीये त्या भाषेत. त्या ९० दिवसांत यादी उतरवायचं बटण पहिल्याच पानावर. आणि विकत घेतलेली गाणी असतील तर बिनकुलूपाची फाइल नाहीतर पूर्ण पैसे परत, कूपन नव्हे. हे न करणाऱ्याची तक्रार तुमच्या १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर घ्यायला सुरुवात करा, त्यासाठी तक्रारीच्या प्रकारांत एक वेगळा रकाना ठेवा, कारण डिजिटल गाण्याची अशी तक्रार कुठल्या रकान्यात टाकायची हेच आत्ता ग्राहकाला कळत नाही.

या पत्राची छापील प्रत स्पीड पोस्टाने पाठवतेय. उत्तर मराठीत दिलंत तर मावशीलाही वाचता येईल.

आपली,
एक ग्राहक, महाराष्ट्र